बरणीतले दोन थर

धक्क्यावर सगळे तिला कप्तान म्हणायचे. हे नाव वडिलांनी थट्टेत ठेवलं होतं, कारण लहानपणी एकदा सुकाण हातात आलं की ती ते सोडायलाच तयार नसायची. पुढे वडील गेले, बोट तिच्याकडे आली आणि थट्टेतलं नाव हुद्दाच होऊन बसलं. आता पन्नाशी उलटली होती. या काठावरून त्या काठावर, नाहीतर मधल्या बेटावर, ती माणसं न्यायची, सिमेंटची पोती न्यायची, एकदा तर तिने एका नव्या जोडप्याचा पलंग, गादी आणि गादीवर बसलेलं जोडपं असं सगळं एका फेरीत नेलं होतं. मधमाश्या मात्र तिने कधी नेल्या नव्हत्या आणि न्यायची हौसही नव्हती.

माश्या वहिनीच्या होत्या. दादाशी लग्न करून घरात आली तेव्हापासून वहिनीने परसात पेट्या ठेवल्या होत्या आणि तेव्हापासून कप्तानने परसाचं दार उघडलं नव्हतं. त्या वर्षी काठावरची झाडं रस्त्यासाठी तोडली आणि माश्यांची उपासमार व्हायला लागली. बेटावर मात्र पांढरा फुलोरा असा आला होता, की लांबून पाहणाऱ्याला कुणी चादरी वाळत घातल्यात असं वाटावं. पेट्या तिकडे हलवायच्या असं दादाने ठरवलं, आणि बोट घरचीच म्हटल्यावर कप्तानला विचारायचं काय, असंही त्यानेच ठरवलं.

"बोलणारे प्रवासी परवडले," कप्तान म्हणाली. "डोकं खातात, पण डसत नाहीत."

पण वहिनी दोन दिवस तिच्याशी गोड बोलली, आणि वहिनीचं गोड बोलणं कप्तानला माश्यांहून जास्त जड जायचं. तिने हात टेकले.

दादा पेट्यांखाली ठेवायच्या लाकडी घडवंच्या मांडायला आदल्या दिवशीच दुसऱ्या बोटीने बेटावर गेला. पहाटे, उजाडायच्या आत, माश्या घरात असतानाच वहिनीने पेट्यांची दारं बारीक जाळीने बंद केली आणि दोघींनी मिळून त्या एकेक करून बोटीत ठेवल्या. थंडी चांगलीच पडली होती. हंगाम नुकताच उघडत होता. वादळी महिने बोट ताडपत्रीखाली उभी होती आणि हीच त्या हंगामातली पहिली फेरी. टाकीत मागच्या हंगामातलं अर्धं पेट्रोल होतं. कप्तानने झाकण उघडून वास घेतला, वास जरा वेगळा वाटला, पण नवीन पंपावरच्या पेट्रोलला हल्ली असाच वास येतो म्हणून तिने झाकण लावून टाकलं. मोटर दुसऱ्या झटक्याला सुरू झाली.

पाणी तिथे इतकं रुंद आहे, की मधोमध गेलं की दोन्ही काठ नुसत्या रेघा होतात. त्या मधोमधच मोटरला ठसका लागला. कप्तानने वेग कमी केला. मोटर सावरली, पुन्हा अडखळली, दोनदा आवंढा गिळल्यासारखा आवाज झाला आणि बंद पडली. कप्तानने दोरी ओढली. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहिला, तर तो नेहमीसारखा टणक लागेना. नुसता चिकट, ढिला झाला होता. पुन्हा दोरी ओढली. खांदा भरून आला, पण मोटर हूं की चूं करेना.

"वन्सं, काय झालं हो?" वहिनीने विचारलं. तिला पोहता येत नव्हतं, आणि घाबरली की तिचा आवाज फार मवाळ व्हायचा.

"काही नाही. जरा दमलीय."

कप्तान तिथेच बसली, आणि मग तिच्या कानांवर तो आवाज आला. आधी वाटलं, मोटरचाच कानात राहिलेला नाद आहे. पण तो थांबेना. सगळ्या पेट्या एका सुरात गुणगुणत होत्या. तो आवाज हवेतून येत होता तसाच बोटीच्या फळ्यांतून, तिच्या अनवाणी तळव्यांतूनही वर चढत होता. इतकी वर्षं ती या पाण्यावर होती, पण मोटरच्या आवाजाखाली आणखी काही असू शकतं हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पाणी बोटीच्या कडेला हलकेच चाटत होतं, लांब कुठेतरी एक पक्षी पाण्यातून उडताना पंख आपटत होता, आणि या सगळ्यावर तो गंभीर, अखंड नाद. कप्तान भीती विसरून ऐकत राहिली.

"अशा का ओरडतायत त्या?"

"ओरडत नाहीत. ऊन वर येतंय, म्हणून पंखे लावलेत," वहिनी म्हणाली. मग जरा थांबून तिने खरं सांगितलं. दारं बंद आहेत, आत गर्दी आहे. ऊन तापायच्या आत पेट्या सावलीत ठेवून दारं उघडली नाहीत तर आतलं मेण मऊ होऊन पोळ्यांच्या चौकटी खचतील आणि माश्या आतच मरतील. आणि इथे पाण्यावर दारं उघडली तर त्या बाहेर पडतील, तोवर बोट वाहत पुढे जाईल, आणि परत येणाऱ्या माश्यांना घरच सापडणार नाही.

आजूबाजूला दुसरी बोट दिसत नव्हती. वल्ही होती, पण लादलेली बोट वल्ह्यांनी बेटापर्यंत न्यायची म्हणजे दुपार उजाडणार. कप्तानने फोन काढून मिस्त्रीला लावला. हा मिस्त्री धक्क्यावरच्या सगळ्या मोटरींचा डॉक्टर. माणूस बडबड्या, पण हाताचा पक्का. आवाज तुटत तुटत येत होता. त्याने फुग्याबद्दल विचारलं, पेट्रोल कधीचं आहे ते विचारलं, रात्री गारठा किती होता हेही विचारलं, आणि मग म्हणाला की टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल एखाद्या काचेच्या भांड्यात काढ आणि काय दिसतं ते सांग.

"पेट्रोल दिसेल. दुसरं काय दिसणार?"

"काढ तर खरं. आणि घाई करू नकोस, जरा बघत बस."

मधासाठी आणलेल्या रिकाम्या बरण्या वहिनीजवळ होत्याच. पेट्रोलचा वास माश्यांना सोसत नाही म्हणून तिने आधी आपली शाल आणि दोन पोती पाण्यात भिजवून पेट्यांवर पसरली, आणि कप्तानला मागे, वारा वाहून जातो त्या बाजूला बसायला लावलं. कप्तानने नळी टाकीच्या तळाशी सोडून बरणी भरली आणि फळीवर ठेवली.

आधी बरणीत नुसतं गढूळ, दही फाटल्यावर पाणी सुटतं तसलं काहीतरी होतं. मग ते हळूहळू निवळायला लागलं. खालून वर, वरून खाली, जणू आतल्या आत कुणी निवड करत होतं. आणि बघता बघता बरणीच्या पोटात एक रेघ उमटली. सुताने आखल्यासारखी सरळ. रेघेच्या वर फिकट पिवळं, खाली जवळजवळ नितळ. कप्तानने बरणी उचलून तिरकी केली. बरणी तिरकी झाली, पण रेघ बाहेरच्या पाण्याला समांतरच राहिली. तिने बरणी हलवली; दोन्ही थर एकमेकांत घुसळले, आणि पुन्हा आपापल्या जागी परत गेले.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "इकडे ये. हे बघ."

दोघी डोक्याला डोकं लावून बघत बसल्या. फोनमधून मिस्त्री हॅलो हॅलो करत होता.

मग त्याने सांगितलं ते असं. वरचं ते पेट्रोल. खालचं ते पाणी आणि इथेनॉल, म्हणजे उसापासून, धान्यापासून काढलेलं अल्कोहोल. हल्ली पेट्रोलात ते मिसळलेलंच येतं. गाड्यांना फारसं जाणवत नाही, कारण त्यांची टाकी सारखी रिकामी होते, सारखी भरते. पण बोट पाण्यावर उभी असते, महिनोन्‌महिने उभी असते. अल्कोहोलला पाण्याची भारी ओढ. टाकीच्या हवेच्या भोकातून दमट हवा आत जाते, झाकणाचा रबरी वायसर कडक झाला असला तर पावसाचाही थेंब जातो, आणि अल्कोहोल ते पाणी पोटात घेत राहतं. बरंच घेतं, दिसूही देत नाही. मग एका थंड रात्री त्याला ते पेलवत नाही, आणि ते पाण्याचा हात धरून पेट्रोलला सोडून खाली तळाशी जाऊन बसतं.

"आणि तुझी नळी तळातूनच ओढते," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे माझी मोटर दारू प्यायलीय?"

"प्यायलीय तेवढीच बुडालीय. आतून बुडालीय."

एरवी कप्तान त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय राहिली नसती. पण ती बरणीकडेच बघत होती. आयुष्यभर तिने पाणी बाहेर ठेवायचंच काम केलं होतं. फटी बुजवल्या, डांबर फासलं, तळात साचलेलं डब्याने उपसलं. आणि हे पाणी मात्र वाफ होऊन, श्वासासारखं, झाकणाच्या भोकातून आत शिरलं होतं.

"मध असाच असतो," वहिनी म्हणाली. "बरणी उघडी राहिली की हवेतलं पाणी ओढून घेतो. पातळ होतो. मग फसफसतो आणि त्याचीही दारूच होते."

"मग तुझ्या माश्यांचा मध पोळ्यात कसा टिकतो?"

"त्या आधी त्यातलं पाणी उडवतात ना. सगळ्या ओळीने बसून पंखांनी वारा घालतात, हवा तेवढा घट्ट झाला की मगच मेणाने तोंड बंद करतात. तुम्हाला बघायचंय? हात द्या इकडे."

कप्तानने हात दिला. खरंतर तिला द्यायचा नव्हता, पण वहिनीने तो धरून एका पेटीच्या जाळीसमोर नेला आणि तळवा उघडायला लावला. आणि तळव्यावर वारा लागला. चांगला जाणवेल असा, उबदार, ओलसर, मेणाचा आणि फुलांचा वास असलेला वारा, न थांबता येत होता. जाळीआड बोटाच्या पेराएवढे जीव पाय रोवून उभे होते आणि त्यांचे पंख दिसत नव्हते, नुसती धूसर झळाळी दिसत होती. कप्तानचा हात तिथेच राहिला. अंगावर काटा आला, पण हात मागे घ्यावासा वाटेना.

"किती गं आहेत आत?"

"मोजल्यात कुणी? एका पेटीत आपलं गाव मावेल, आणि वर शेजारचं."

ऊन चढत होतं. मिस्त्रीने पुढचं सांगितलं आणि फोन तुटला. तळातला थर निघेपर्यंत उपसत राहा, दर खेपेला बरणीत बघ. रेघ दिसेनाशी झाली की थांब. वरच्या पेट्रोलचा दम गेलेला असतो, तरी हळू चालवलंस तर चालेल. बेटावर पोचलीस की मोटर बंद करून ठेव, मी येतो.

कप्तानने उपसायला सुरुवात केली. खालचा थर तिने रिकाम्या डब्यात साठवला. पाण्यात थेंबही सोडला नाही, कारण ज्या पाण्यावर पोट भरतं त्यात घाण टाकणाऱ्याची तिने आजवर गय केली नव्हती. वहिनी बरण्या धरत होती, उन्हात उंच धरून रेघ बघत होती आणि सांगत होती की आहे अजून, आहे, आता खाली गेली, आता बोटभरच उरली. फिल्टर उघडला तर त्यात तपकिरी बुळबुळीत गाळ निघाला. इतकी वर्षं टाकीच्या भिंतींना धरून बसलेला मळ अल्कोहोलने विरघळवून सोडवला होता आणि सगळा इथे आणून टाकला होता. कप्तानने तो पदराने पुसला. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून त्यातलं पाणीही काढलं, प्लग पुसून पुन्हा बसवला.

शेवटची बरणी वहिनीने वर धरली. एकच रंग होता.

तेवढ्यात पेट्यांचा आवाज बदलला. कडेच्या एका पेटीतून गुणगुण चढत चढत गेली, तिचा कल्लोळ झाला. वहिनीने पेटीला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. ही पेटी उन्हाच्या बाजूला होती आणि तिच्यावरचं पोतं कधीच सुकलं होतं. आता थांबलो तर ही गेली, ती म्हणाली. दुसरा इलाज नाही, हिचं झाकण उघडते, काय व्हायचं ते होऊ दे. वन्सं, तुम्ही हलू नका, हात झाडू नका, श्वाससुद्धा तोंडाने सोडू नका.

तिने झाकण सरकवलं. आणि पेटी उकळून वर आली. दुसरा शब्द नव्हता त्याला. माश्या धारेसारख्या बाहेर पडल्या, बोटीवर एक तपकिरी ढग फिरायला लागला, आणि त्या ढगाचा आवाज इतका मोठा होता की कप्तानला स्वतःचा श्वास ऐकू येईना. तिच्या केसांत, पापण्यांवर, मनगटावर माश्या बसल्या, चालल्या, उडाल्या. एकीनेही डंख मारला नाही. मग ढग आवळत आला. बोटीच्या मागच्या टोकाला, कप्तान बसते तिथे, कंदील टांगायचा एक उभा दांडा होता. त्याच्या टोकावर आधी मूठभर माश्या बसल्या, मग ओंजळभर, मग एकीला एक धरून त्या लोंबायला लागल्या आणि कप्तानच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर एक जिवंत, चकाकता घोस तयार झाला.

"राणी बाहेर आली," वहिनी अगदी हळू म्हणाली. "तिच्याभोवती बसल्यात. आता त्यांना घर नाही, राखायला काही नाही, म्हणून त्या चावणार नाहीत. पण बोट चालवावी लागेल, वन्सं. आत्ता."

कप्तानने दोरी धरली. पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला मोटर शिंकली. तिसऱ्याला खोकत, धूर सोडत सुरू झाली, आणि वरचा घोस एकदा नखशिखांत शहारला. कप्तान थिजली. पण तो शहारा ओसरला, आणि घोस पुन्हा स्थिर झाला.

ती बोट चालवत बेटाकडे निघाली. इतकी हळू तिने आजवर कधीच चालवली नव्हती. जरा वेग दिला की मोटर कुरकुरायची, जरा हेलकावा बसला की डोक्यावरचा घोस झुलायचा. मान वर करायची छाती होत नव्हती, पण पाण्यात त्याचं प्रतिबिंब दिसत होतं आणि ती तेच बघत होती. एका राणीसाठी एवढा सगळा गाव घरदार सोडून दांड्याला लोंबत होता आणि कुणी कुणाला पडू देत नव्हतं. वडिलांबरोबर तिने वादळं पाहिली होती, पाण्यावर उतरलेली वीज पाहिली होती. पण त्या दिवशी वाटलं तसं तिला कधी वाटलं नव्हतं. पुढे कुणी विचारलं तर ती एवढंच सांगायची, की देवळात उभं राहिल्यावर वाटायला हवं ते मला तिथे वाटलं.

दादा काठावर उभा होता. बोटीची वाट बघून त्याचा जीव टांगणीला लागला होता आणि रागवायचं त्याने मनात ठरवून ठेवलं होतं. बोट जवळ आली, बहिणीच्या डोक्यावर काय लोंबतंय ते त्याला दिसलं, आणि रागवायचं राहूनच गेलं. तो गुडघाभर पाण्यात उतरला.

पेट्या सावलीत मांडल्या, एकेक करून दारं उघडली. घोसाखाली दादाने रिकामी पेटी धरली, वहिनीने दांड्याला एकच झटका दिला आणि सगळा घोस धप्पकन आत पडला. राणी आत गेली तशा उडालेल्या माश्याही रांगेने आत चालत गेल्या. जुन्या पेटीच्या तळाशी मात्र मेलेल्यांचा थर होता, ओंजळी भरून निघाल्या. दोन चौकटी खचल्या होत्या. वहिनी बराच वेळ तिथे पाठमोरी बसून राहिली, आणि कप्तान तिच्याजवळ जाऊन बसली. परसाचं दार कधीही न उघडणारी नणंद पेटीपासून हातभर अंतरावर बसली आहे, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

दुपारी मिस्त्री स्वतःच्या बोटीने आला. ताजं पेट्रोल, नवी नळी, नवा फुगा, नवा वायसर असं सगळं त्याने आणलं होतं. जुनी नळी त्याने चिरून दाखवली. आतलं अस्तर फुगून सालीसारखं सुटत होतं. पलीकडच्या धक्क्यावर एका बोटीची फायबरची टाकीच आतून मऊ पडली होती, त्या मालकाला अजून पत्ता नाही, त्याला आज सांगायला हवं, असं तो म्हणाला. यापुढे हंगाम संपला की टाकी कोरडी करायची, नाहीतर काठोकाठ भरून ठेवायची, म्हणजे हवेला आत जागाच राहत नाही, हेही त्याने दोनदा बजावलं. कप्तानने दोन्ही वेळा मान डोलावली. तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

तिचं लक्ष पेट्यांकडे होतं. दार उघडल्यावर माश्या सरळ उडून गेल्या नव्हत्या. प्रत्येक माशी बाहेर आली की वळायची, तोंड पेटीकडे करायची आणि पेटीसमोर हवेत डावीकडून उजवीकडे झोके घ्यायची, मग थोडं मागे, मग मोठे झोके, मग आणखी मागे, जणू घराचा नवा पत्ता डोळ्यांनी घोकून घेत होती. मग एकदम उंच जाऊन फुलोऱ्यात दिसेनाशी व्हायची. आता पहिल्या माश्या परत येत होत्या. पायांना पांढऱ्या परागाच्या गोळ्या, वाऱ्याने भेलकांडत, पण नेमक्या आपल्याच पेटीच्या फळीवर उतरत होत्या.

मिस्त्री हातातला पाना तसाच धरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"सकाळी इथे नव्हत्याच या," तो म्हणाला. "मग आपलं घर कसं ओळखतात?"

वहिनीने डोळे पुसले होते आणि ती एका पेटीचं झाकण नीट बसवत होती.

"इतकी वर्षं पाळतेय," ती म्हणाली, "पण मलाही पुरतं कळलेलं नाही."

दादाने एक रिकामं खोकं पालथं घातलं, मिस्त्री त्यावर बसला, आणि मोटरचं झाकण उघडंच राहिलं.